सूचना: रविवारी रिकामे डबे आणि सुका पाला आणा

बागगटाच्या सभासदांनी रविवारी सकाळी ८ वाजता गच्चीवर जमावे. येताना झाडे लावण्यासाठी रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा धुऊन आणा. डिस्टेंपरचा चालेल, ऑइल पेंटचा नको.

भोके घरूनच पाडून आणा: बाजूला, तळापासून दोन बोटे वर, करंगळी जाईल एवढी पाच-सहा. भोकांच्या खाली साठते तेवढे पाणी तळाशी घालायच्या नारळाच्या शेंड्या धरून ठेवतात. भोके त्याहून वर गेली तर मुळे कुजतात.

शेंड्यांवर पाला थराथराने दाबायचा, मधेमधे मूठभर शेणखत, शेवटी चार बोटे माती. पाला महिन्या-दोन महिन्यांत बराच खाली बसतो, म्हणून भरताना कंजुषी नको. आंब्याची पाने चुरूनच आणा, अख्खी लवकर कुजत नाहीत. निर्माल्य चालेल, दोरे काढून. डबे विटांवरच ठेवायचे.