फिल्टर कंडेन्सर बदलताना एमएफडीआधी व्होल्ट आणि तापमान पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुने स्टिरिओ ॲम्प्लिफायर दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याविषयी लेख प्रसिद्ध झाला. नवा सेट घेणे परवडत असतानाही कित्येक वर्षांपूर्वीचा फिलिप्स, सोनोडाइन किंवा कॉस्मिकचा सेट ज्यांच्याने टाकवत नाही अशी घरे नागपुरात बरीच आहेत, त्यामुळे विषयाची निवड उत्तमच होती. मात्र पॉवर सप्लायचे फिल्टर कंडेन्सर बदलताना ते मूळच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट एमएफडीचे (मायक्रोफॅरडचे, म्हणजे साठवणक्षमतेचे) घालावेत, म्हणजे आवाजाला वजन येते, हा त्यातला सल्ला वाचकांनी जसाच्या तसा अमलात आणला तर काही सेट बिघडतील आणि जे बिघडणार नाहीत त्यांच्यात पैसे खर्चूनही काही फरक पडणार नाही. नागपूरच्या हवेत हा भाग निवडताना आधी व्होल्टेज, मग तापमान, मग रिपल करंट (कंडेन्सरमधून सतत ये-जा करणारा प्रवाह) पाहावा आणि एमएफडीचा आकडा सर्वांत शेवटी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागची कारणे जरा सविस्तर मांडतो.

घरात येणारा ५० हर्ट्झचा वीजप्रवाह ट्रान्सफॉर्मरने उतरवून ब्रिज रेक्टिफायरमधून (चार डायोडांच्या जोडणीतून) काढला की दर सेकंदाला १०० उसळ्यांचा एकदिश प्रवाह मिळतो. दोन उसळ्यांमध्ये साधारण १० मिलिसेकंदांचा जो काळ जातो, त्यात सेटला लागणारा प्रवाह फिल्टर कंडेन्सर स्वतःच्या साठ्यातून पुरवतो आणि तेवढ्यापुरते त्याचे व्होल्टेज खाली येते. १०,००० एमएफडीच्या कंडेन्सरमधून २ अँपिअर ओढले तर ही घसरण जवळपास २ व्होल्टची असते, २२,००० एमएफडी घातल्यास ती एका व्होल्टच्या आत येते. कागदावर हा फरक मोठा दिसतो खरा, पण दिवाणखान्यात आपण ज्या आवाजात भीमसेनजींचा मारवा ऐकतो, त्या आवाजाला बहुतेक सेट २ अँपिअर ओढतच नाहीत. तेव्हाची घसरण व्होल्टच्या एखाद-दुसऱ्या दशांशाची असते, आणि तेवढी तर चांगल्या रचनेचे ॲम्प्लिफायर सर्किट स्पीकरपर्यंत पोहोचूच देत नाही.

उलट मोठ्या कंडेन्सरची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. रिकामा कंडेन्सर बटण दाबल्याच्या क्षणी जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. तो जितका मोठा, तितका रेक्टिफायर, स्विचचे काँटॅक्ट आणि फ्यूज यांच्यावरचा झटका अधिक काळ टिकतो. सेट चालू असतानाही त्याचे भरणे थोड्या वेळात आणि उंच लाटांनी होते, त्याने ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. मग फ्यूज वारंवार उडू लागतो, त्याच्या जागी जाड तार गुंडाळण्याचा आपल्याकडचा परिचित इलाज होतो आणि पुढच्या खेपेला सरळ ट्रान्सफॉर्मरच जातो. मूळच्या सव्वा ते दीडपट क्षमतेपर्यंत सहसा हरकत नसते. जुन्या काळी या कंडेन्सरांवर उणे १० ते अधिक ५० टक्के अशी सूट सर्रास छापलेली असे, म्हणजे रचनाकाराने तेवढी सवड आधीच धरलेली असते.

व्होल्टेजच्या बाबतीत मात्र अशी सवड नसते, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक सेट इथेच फसतात. एका परिचितांचा ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला, त्यात आधीच्या दुरुस्तीत ५० व्होल्टचे दोन कंडेन्सर बसवलेले होते आणि बिलावर ‘कंडेन्सर बदलले’ यापलीकडे एक अक्षर नव्हते. ट्रान्सफॉर्मर ३५-०-३५ चा, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना ३५-३५ व्होल्ट देणारा. मेकॅनिकने उसळीचे शिखर काढण्यासाठी ३५ ला १.४१ ने गुणून, डायोडमधले व्होल्ट वजा करून साडेअठ्ठेचाळीस काढले असावेत आणि ५० पुरेल असे धरले असावे. परंतु ३५ हा आकडा पूर्ण भार आणि २३० व्होल्टचा पुरवठा गृहीत धरून छापलेला असतो. भार नसताना ट्रान्सफॉर्मर त्याहून पाच-दहा टक्के जास्त देतो, आणि घरचा पुरवठाही २३० वर स्थिर नसतो, वर-खाली होत असतो. पहाटे शहरातला भार उतरलेला असताना सेट सुरू करून मीटर लावला, तर सॉकेटमध्ये २४६ व्होल्ट होते आणि कंडेन्सरच्या पायांवर ५६. डब्याच्या माथ्यावरची अधिक चिन्हासारखी खाच मधोमध उचललेली होती, बोटाला तिचा फुगवटा लागत होता. अशा सेटला ६३ व्होल्टचा कंडेन्सर हवा. जागा असेल तर ८० व्होल्टचाही चालतो, त्याने काही बिघडत नाही. परदेशातून आणलेल्या आणि २२० व्होल्ट असे लिहिलेल्या सेटमध्ये तर हा हिशेब आणखी काटेकोरपणे करावा लागतो. गुणाकारावर विसंबण्यापेक्षा आवाज बंद ठेवून, पुरवठा चढा असताना प्रत्यक्ष मोजलेले व्होल्ट घ्यावेत आणि त्यावर किमान १० टक्के ठेवावेत.

आता तापमान. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांमध्ये द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. तो द्रव वर्षानुवर्षे रबरी बुचातून हळूहळू उडून जातो आणि उष्णता वाढली की हा वेग वाढतो. अंदाजासाठी वापरला जाणारा ठोकताळा असा की, तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. ८५ अंशांना २,००० तास असे छापलेला कंडेन्सर ६५ अंशांवर ८,००० तास टिकेल. १०५ अंशांना २,००० तास असलेला त्याच जागी ३२,००० तास टिकेल. रोज चार तास सेट लावणाऱ्या घरात पहिल्याचे आयुष्य साडेपाच वर्षे भरते. दुसऱ्याचे कागदावर बावीस वर्षे होते, पण रबराचे बूचही वयानुसार कडक होत असल्याने पंधरा वर्षांच्या पुढचा हिशेब मी स्वतः धरत नाही.

हे ६५ अंश कुणाला अतिशयोक्त वाटतील. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात रात्रीही भिंती गरम असतात आणि कूलर बंद असलेल्या खोलीत ४० अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. त्यात आपल्याकडे सेट शोकेसच्या बंद कप्प्यात असतो आणि झाकणाच्या जाळीवर क्रोशाचा रुमाल अंथरून त्यावर फुलदाणी ठेवलेली असते. कित्येक मॉडेलांमध्ये फिल्टर कंडेन्सर हीट सिंकपासून (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांपासून) दोन बोटांच्या अंतरावर असतात. अशा जागी थंड देशातल्या दिवाणखान्यासाठी ठरवलेला ८५ अंशांचा भाग पुन्हा तसाच बसवण्यात शहाणपण नाही. इथे एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. सोनेरी अक्षरांत, ध्वनीसाठी खास म्हणून चढ्या दराने विकल्या जाणाऱ्या कंडेन्सरांच्या कित्येक मालिका ८५ अंशांच्याच असतात, आणि ज्यांच्याकडे हौशी मंडळी ढुंकूनही पाहत नाहीत ते कारखान्यांच्या यंत्रांसाठी बनवलेले साधे १०५ अंशांचे कंडेन्सर त्यांच्याहून स्वस्त असून आपल्या हवेत जास्त टिकतात. पॉवर सप्लायच्या या जागी सोनेरी अक्षरांचा आवाज ऐकू येतो यावर माझा विश्वास नाही; ज्यांचा आहे त्यांनी जरूर घ्यावेत, फक्त रुमाल काढून ठेवावा.

रिपल करंटविषयी लेखात एक शब्दही नव्हता. कंडेन्सरमधून सतत ये-जा करणारा हा प्रवाह सेट ओढत असलेल्या एकदिश प्रवाहाच्या दीड-दोन पट सहज असतो आणि कंडेन्सरला आतून तापवतो. निवडीसाठी कंपनीच्या माहितीपत्रकातला १०० किंवा १२० हर्ट्झचा आकडा पाहावा. काही विक्रेते १०० किलोहर्ट्झचा आकडा सांगतात. तो स्विचिंग सप्लायच्या, म्हणजे मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी अतिजलद स्विचिंगवर चालणाऱ्या पॉवर सप्लायच्या, कामाचा असतो आणि आपल्या कामासाठी फसवा मोठा दिसतो. एकाच क्षमतेच्या आणि एकाच व्होल्टेजच्या दोन भागांपैकी ज्याचा हा आकडा जास्त, तो बहुधा आकारानेही जरा मोठा असतो, आणि जागा असेल तर तोच घ्यावा.

आकाराच्या संदर्भात पायांचे अंतरही मोजून न्यावे लागते. हल्लीच्या स्नॅप-इन (भोकांत दाबून बसवायच्या) प्रकारात दोन पायांमध्ये १० मिलिमीटर अंतर असते आणि व्यास २२, २५, ३० किंवा ३५ मिलिमीटर असतो. जुन्या चार कानांच्या डब्यांची भोके त्याला जुळत नाहीत. अशा वेळी पीसीबीला (भाग बसवलेल्या छापील पाटीला) नवी भोके पाडून तिच्यावरचे तांब्याचे ट्रॅक तोडण्यापेक्षा छोटी जोडपट्टी करून घ्यावी आणि डबा क्लॅम्पने घट्ट बसवावा. डबा नुसत्या पायांवर लोंबकळत ठेवू नये.

नकली मालाचा धोका खरा आहे. नामांकित जपानी कंपनीचे वेष्टन चढवलेल्या मोठ्या डब्यात चक्क एक लहान कंडेन्सर बसवलेला असल्याचे मी डबा कापून पाहिले आहे. हातात घेताच असा डबा आकाराच्या मानाने हलका लागतो. मीटरवर क्षमता बरोबर आली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण साधा मीटर अगदी कमी व्होल्टवर मोजतो; ईएसआर (कंडेन्सरचा आतला रोध) आणि पूर्ण व्होल्टेजवर आतून झिरपणारा प्रवाह या दोन गोष्टी पाहाव्यात. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासॉनिक यांचा माल अधिकृत वितरकांकडून पावतीसह मागवता येतो. केरळच्या केल्ट्रॉनचा कन्नूरचा कारखाना आणि नाशिकची अल्कॉन हे भाग देशातच बनवतात, आणि केवळ देशी म्हणून त्यांना नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानांत मिळाला तर उत्तमच, फक्त डब्यावरचा तारखेचा कोड पाहून घ्यावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेला ‘जुना पण अस्सल’ कंडेन्सर घेण्यात मुळीच अर्थ नाही, कारण न वापरताही त्याच्या आतला ऑक्साइडचा थर खालावतो.

मुळात बदलण्याची गरज आहे का, हेही आधी ठरवावे. व्होल्यूम शून्यावर असतानाही दोन्ही बाजूंनी १०० हर्ट्झची घरघर येत असेल तर फिल्टरवर संशय घ्यावा. आवाज त्याहून खालच्या, ५० हर्ट्झच्या पट्टीत असेल तर बहुतेकदा दोष अर्थिंगचा किंवा जोडणीचा असतो. जुन्या जपानी सेटमध्ये कंडेन्सरच्या बुडाशी दिसणारा तपकिरी थर पुष्कळदा गळती नसून कारखान्यात लावलेला गोंद असतो. तो कालांतराने आजूबाजूच्या तारा खातो, म्हणून खरवडून काढावा, पण तेवढ्यावरून चांगला भाग फेकू नये. बदलायचे ठरले तर धन आणि ऋण बाजूंचे कंडेन्सर एकदम बदलावेत.

लेखातल्या एका वाक्याची दुरुस्ती आपण स्वतंत्रपणे छापावी अशी माझी विनंती आहे. कंडेन्सर रिकामा करण्यासाठी त्याचे दोन पाय पेचकसाने जोडावेत, असे त्यात म्हटले होते. ५० व्होल्टला भरलेल्या १०,००० एमएफडीच्या डब्यात साडेबारा ज्यूल ऊर्जा असते. ठिणगीने पीसीबीचा ट्रॅक वितळतो, पेचकसाचे टोक जळते आणि उडालेला धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो. त्याऐवजी प्लग काढून १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर पक्कडीत धरून साधारण मिनिटभर पायांवर ठेवावा आणि व्होल्ट एकाच्या खाली आल्याचे मीटरवर पाहून मगच हात घालावा. नवे भाग बसवल्यावर पहिल्यांदा सेट सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एकसर जोडलेल्या बल्बमधून, लावावा. त्यासाठी ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्बच लागतो, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर ताबडतोब प्लग काढून ध्रुव उलटे तर लागले नाहीत ना, ते तपासावे. माळ्यावर बरीच वर्षे पडून राहिलेला आणि गणपतीत खाली उतरवलेला सेटही याच रीतीने सुरू करावा.

ज्यांना हे काम स्वतः करायचे नाही त्यांनी दुरुस्तीच्या बिलावर प्रत्येक कंडेन्सरची कंपनी, एमएफडी, व्होल्ट, अंश आणि तारखेचा कोड लिहून मागावा, आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत घ्यावेत. बर्डी-महालातले जाणते मेकॅनिक याला नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक
(निवृत्त शिल्प निदेशक, इलेक्ट्रॉनिक्स)
नागपूर