सर्व्हर वाढवण्याआधी एवढं तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे अर्ज असोत की पीकविमा, मुदत संपत आली की बातमी ठरलेली: ‘संकेतस्थळ कोलमडले’. खाली अधिकाऱ्यांचा खुलासाही ठरलेला: ‘सर्व्हरची क्षमता वाढवण्यात येत आहे’. हजारो लोक एकदम आले तर सॉफ्टवेअर तग धरतं का, हे तपासणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे हा खुलासा वाचून गप्प बसवत नाही.

2025 मध्ये अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर ऑनलाइन झाले. 21 मे रोजी, पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडलं आणि नोंदणी 26 मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. ही गर्दी काही अचानक उगवली नव्हती. दहावीला किती मुलं पास झाली, हे मंडळाने 13 मे रोजीच जाहीर केलं होतं.

आमच्या कामातलं एक उदाहरण देते. मागे एक अर्ज भरण्याचं पोर्टल चाचणीसाठी आलं. एकट्याने उघडलं तर पान झटकन यायचं. पाचशे जण (अर्थात प्रोग्रामने बनवलेले, खोटे) एकदम सोडले की गोल फिरत बसायचं. गंमत म्हणजे सर्व्हर निवांत होते, सीपीयू जेमतेम चालत होता. सगळे खोळंबले होते डेटाबेसच्या, म्हणजे माहितीच्या कोठाराच्या, दारात. कारण काय, तर पत्त्याचं पान उघडणाऱ्या प्रत्येकासाठी जिल्हे-तालुक्यांची यादी दर वेळी डेटाबेसमधून नव्याने आणली जात होती. 36 जिल्हे, 358 तालुके. रोज बदलणारी का यादी आहे ही? ती एकदाच वाचून मेमरीत ठेवली, अर्ज क्रमांकाच्या रकान्यावर इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून केलेली सूची) टाकला, आणि आहे त्याच सर्व्हरवर काम भागलं. आणखी दहा सर्व्हर घेतले असते तर आचारी एकच ठेवून वाढपी वाढवल्यासारखं झालं असतं.

हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? बनवणाऱ्यांच्या डेटाबेसमध्ये शंभरेक नावं होती. शंभर नावांत इंडेक्स नसला तरी काही बिघडत नाही. लाखोंमध्ये बिघडतं.

शिवाय पान अडकलं की माणूस पुन्हा बटण दाबणारच, ओटीपी आला नाही की दुसरा मागवणारच, आणि गर्दी आणखी वाढणार. बँकांची यंत्रणाही तेच करते. 12 एप्रिल 2025 रोजी यूपीआय देशभर अडखळलं, तेव्हा ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ अशी सारखी विचारणा करणाऱ्या बँकांच्या विनंत्यांचा पूर, हे कारण पुढे आलं. मग 1 ऑगस्टपासून एका ॲपवर दिवसाला 50 वेळाच शिल्लक पाहता येईल असं ठरलं. ऑटोपेचे हप्तेही सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 9.30 ही गर्दीची वेळ टाळून कापले जाऊ लागले. या दोन्ही उपायांत नवं यंत्र एकही नाही.

तेव्हा टेंडरमध्ये ‘प्रणाली वेगवान असावी’ एवढं लिहून भागत नाही. मिनिटाला किती अर्ज, किती सेकंदांत, हे आकड्यांत लिहा. खऱ्या संख्येइतक्या नोंदी भरून घेतलेल्या लोड टेस्टचा (गर्दी सोसते का या चाचणीचा) अहवाल अर्ज सुरू होण्याआधी संकेतस्थळावर टाका. अर्ज आला की रांगेत घेऊन लगेच पोच द्या, छाननी मागाहून होऊ दे. फोटो लहान करायचं काम पानानेच करावं, त्यासाठी लोकांना सेवा केंद्रात पैसे मोजायला लावू नये. आणि शेवटची तारीख सगळ्या जिल्ह्यांना एकच कशासाठी लागते, हेही संबंधित विभागाने एकदा सांगावं.

— एक परफॉर्मन्स टेस्टर, कोथरूड, पुणे