टोपीच्या पेटीवरचं नाव

सांगली, रविवार रात्र

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. दिवाळी अंकाला रहस्यकथा पाठवतेयस हे वाचून इतका आनंद झाला की हातातला चहा तसाच निवला. पण पुढची ओळ टोचली. "नाव मात्र दुसरंच घालणार आहे. घरी सासूबाई, शाळेत बाकीच्या बाई, कुणाला कळायला नको. खुनाबिनाच्या गोष्टी आपल्यासारख्या बायकांनी लिहायच्या म्हणजे..." तू ते वाक्य पुरंसुद्धा केलं नाहीस. चार दिवस मी तेच घोळवत बसलेय. उत्तर म्हणून तुला एका बाईची हकिकत सांगते.

मेरी एलिझाबेथ ब्रॅडन. जन्म १८३५, लंडनचा. वडील वकील, पण बाहेरख्याली. ती पाच वर्षांची असताना आईने नवऱ्याचं घर सोडलं. त्या काळी, व्हिक्टोरिया राणी नुकती कुठे गादीवर आलेली असताना, एका बाईने! थोरला भाऊ एडवर्ड आपल्याकडे हिंदुस्थानात नोकरीला आला आणि पुढे ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाचा प्रीमियर, म्हणजे तिथला मुख्यमंत्री झाला. मेरीच्या वाट्याला मात्र स्वतःचं आणि आईचं पोट भरणं आलं. म्हणून विशीच्या आतच ती नाटकात शिरली. नटी म्हणजे वाया गेलेली, असंच तेव्हाचं लोकमत. घराण्याच्या नावाला बट्टा नको म्हणून तिने रंगभूमीवर 'मेरी सेटन' हे नाव घेतलं. गावोगावचे दौरे, आई बरोबर, सात-आठ वर्षं. बघ, तुझ्यासारखंच. नाव बदललं, काम सोडलं नाही.

पहिली कादंबरी १८६० साली आली. त्यातला गुन्हे शोधणारा माणूस मुका आहे, बोटांच्या खुणांनी बोलतो. पुस्तक फारसं चाललं नाही. नंतर तिची गाठ जॉन मॅक्सवेल या प्रकाशकाशी पडली. त्याची बायको हयात होती, वेड्यांच्या इस्पितळात असल्याचं सांगतात; घरी पाच मुलं. लग्न शक्यच नव्हतं. मेरी त्याच्या घरी राहिली, त्याची मुलं वाढवली, त्यात स्वतःची सहा झाली (त्यातलं एक लहानपणीच गेलं). आणि या घरगुती गर्दीत ती लिहीत होती. विजू, तू म्हणतेस ना की घरात लिहायला जागाच नसते?

'लेडी ऑडलीज सीक्रेट' १८६१ मध्ये एका साप्ताहिकात क्रमशः सुरू झाली. साप्ताहिकच बंद पडलं, गोष्ट अर्ध्यावर राहिली. मग दुसऱ्या मासिकात पहिल्यापासून छापली, आणि १८६२ च्या शेवटाला तीन खंडांत पुस्तक आलं. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुस्तकाच्या प्रकाशकाने (हा मॅक्सवेल नव्हे, दुसरा) त्या पैशांतून बंगला बांधला आणि त्याला नावही 'ऑडली लॉज' दिलं.

आता कथेतलं थोडं सांगते, सगळं नाही. एक गोरीपान, सोनेरी कुरळ्या केसांची, सगळ्यांची लाडकी शिक्षिका. एका म्हाताऱ्या श्रीमंत सरदाराशी तिचं लग्न होतं आणि ती लेडी ऑडली होते. त्याचा पुतण्या रॉबर्ट नावाला बॅरिस्टर, पण दिवसभर पाइप ओढणार आणि फ्रेंच कादंबऱ्या वाचणार. त्याचा मित्र सोन्याच्या शोधात साडेतीन वर्षं ऑस्ट्रेलियात काढून परत येतो, तर बायको वारल्याची बातमी पेपरात. मग तो मित्रच नाहीसा होतो. आळशी रॉबर्ट कागद पुढ्यात घेतो आणि घडलेल्या गोष्टी क्रमांक घालून लिहू लागतो. इथून त्याचं आयुष्यच बदलतं.

मला त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. मुलींच्या एका शाळेत त्या शिक्षिकेची जुनी टोपीची पेटी पडलेली असते. प्रवासाने झिजलेली, लेबलांवर लेबलं चिकटवलेली. रॉबर्ट पाणी मागवतो, वरचा कागद भिजवतो आणि अलगद सोडवतो. खाली दुसरं लेबल. आणि त्यावर दुसरंच नाव. खून नाही, रक्त नाही. एक ओला कागद. तरी ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

हे ब्रॅडनला सुचलं कुठून? माझं म्हणणं, जगण्यातून. एका नावावर दुसरं नाव चिकटवून जगणं काय असतं ते ती रोज अनुभवत होती. १८६४ मध्ये मॅक्सवेलने आपलं लग्न झाल्याचं वर्तमानपत्रांतून सुचवलं, तर त्याच्या बायकोच्या नातेवाइकाने पत्र छापून जाहीर केलं की खरी बायको जिवंत आहे. चारचौघांत लेबल सोललं गेलं. तरी ती लिहीतच राहिली. खरं लग्न लागलं १८७४ मध्ये, पहिली बायको वारल्यावर.

समीक्षक तुटून पडले. १८६३ मध्ये मॅन्सेल नावाच्या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञ पाद्र्याने एका मोठ्या त्रैमासिकात या तऱ्हेच्या सगळ्या सनसनाटी कादंबऱ्यांची झडती घेतली: ही पुस्तकं विवेकाशी नव्हे, मज्जातंतूंशी बोलतात म्हणून. मला हा आरोप पटत नाही. लेडी ऑडली दुष्ट आहे, हे मी नाकारत नाही. पण तिचा पहिला नवरा एक चिठ्ठी ठेवून, तान्ह्या मुलासकट तिला दारुड्या बापाच्या घरी सोडून गेला होता. १८५७ च्या कायद्याने नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण घटस्फोटाला पुरे होतं; बायकोला मात्र त्याच्या जोडीला छळ किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. गरिबीला ती किती घाबरते हे ब्रॅडनने असं लिहिलंय की वाचताना मी तिच्या बाजूला गेले, आणि पुढच्या पानावर तिने केलेलं बघून दचकून मागे आले. हे विवेकाशी बोलणं नाही तर काय?

तू चाळीस मुलींचा वर्ग, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं सांभाळून लिहितेस. ब्रॅडनने ऐंशीच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, वर स्वतःचं मासिकही चालवलं. १९१५ मध्ये गेली तोवर लिहीत होती. मी तुला तेवढं लिही म्हणत नाही. पण खुनाची गोष्ट लिहिण्यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला अजूनही कळलेलं नाही. टोपणनाव तुला हवंसं वाटत असेल तर जरूर घे. कुणाला तरी भिऊन घेऊ नकोस, एवढंच माझं मागणं.

पुस्तक उद्या कुरिअरने पाठवते. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, खोडू नकोस. रॉबर्ट आणि त्याचा मित्र चोरवाटेने तिच्या खोलीत शिरतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तिचं अर्धवट रंगवलेलं चित्र बघतात, ते प्रकरण रात्री एकटीने वाच. मित्र त्या चित्रासमोर कितीतरी वेळ एक शब्द न बोलता बसून राहतो. ते वाचून झालं की फोन कर, मग कितीही वाजलेले असोत.

आणि कथा अंकाकडे पाठवण्याआधी मला पाठव. पहिल्या पानावर, शीर्षकाखाली, कुठलं नाव लिहिलंयस ते मी आधी बघणार आहे.

तुझीच,
शालू