लंब्यास पत्र

सोलापूर

प्रिय लंब्या,

किती दिवस झाले रे लिहून! आईची शुगर आटोक्यात आहे, बाकी सगळे ठीक.

आपले चाटी गल्लीतले शेठकाका आता दुकानालाच लहानपणची निर्वासितांच्या छावणीतली बराक समजतात. परवा गेलो तर रिकामी ताटली हातात देऊन म्हणाले, "रांगेत लाग बेटा, डाळ संपेल." टॉवेलांचे गठ्ठे मधोमध रचून आडोसा करतात आणि पलीकडच्या कुटुंबाची झोप मोडू नये म्हणून हळू बोलतात. काकू उठून आत गेल्या. मी काय बोलणार?

याच दुकानात आपलं कडाक्याचं भांडण झालं होतं. उल्हासनगर निर्वासितांसाठीच बांधलं, असं तू छातीठोकपणे सांगत होतास. अरे बाबा, तो दुसऱ्या महायुद्धातला फौजेचा कल्याण ट्रान्झिट कॅम्प! 2,126 बराकी, मधे मोठा हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. लढाई संपली, फौज गेली, सगळं ओस पडलं. मग फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्यांना तिथं ठेवलं. एकेका हॉलात गोणपाटाचे पडदे बांधून कितीतरी संसार. काकांचे आईवडील कराचीहून बोटीनं आले, काका तेव्हा कडेवरचे. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, उल्हासनगर नाव दिलं. तुझा मुद्दा तेव्हाही चूक होता, आजही चूकच आहे बे!

पण लंब्या, काकांना खरं सांगायचं की नाही? मुलगा समजावतो, "पपा, हे सोलापूर आहे." की ते घाबरतात, दाराशी जाऊन बसतात. मी ताटली घेऊन उभा राहिलो तेव्हा मात्र शांत झाले, "तुझ्या आईला पण बोलाव" म्हणाले. असं खोट्यात सामील व्हावं का? आपल्या दोघांची बारावीची फी भरून ज्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही, त्यांच्याशी खोटं वागवत नाही रे. तुझ्या आजीचं शेवटचं वर्ष तू कसं निभावलंस ते मी पाहिलंय, म्हणून तुलाच विचारतोय.

आणखी एक. तू कल्याणात आहेस, एका रविवारी उल्हासनगरच्या कॅम्प तीनला जा. एखादी जुनी बराक उभी असेल तर फोटो पाठव, आतला हॉल दिसेल असा. मधे तुझं थोबाड नको. ते पाहून काकांना बरं वाटेल की जास्तच त्रास होईल, तेही कळव; मुलाला विचारल्याशिवाय दाखवणार नाही.

नवी नोकरी कशी आहे? गड्ड्याच्या जत्रेला येतो म्हणालास, आला नाहीस. वहिनींसाठी शेंगाचटणी पाठवतोय, डबा त्यांच्याच हाती दे. बराकीचं लवकर कळव.

तुझाच,
बुटक्या