आरतीच्या वेळी फ्लॅश बंद ठेवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रामकुंडावर सायंकाळी गोदावरीची आरती सुरू झाली की काठावरून असंख्य कॅमेऱ्यांचे फ्लॅश लखलखू लागतात. सिंहस्थात ही गर्दी कितीतरी वाढणार असल्याने याविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते. डिजिटल कॅमेऱ्यातला अंगचा फ्लॅश साधारण ३ ते ४ मीटरपर्यंतच पुरतो आणि अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रकाश एक चतुर्थांशावर येतो. त्यामुळे समोरच्या काठावरची आरती त्याने उजळत नाही, उलट पुढे उभ्या असलेल्यांची डोकी पांढरीफटक होतात आणि मागचे सारे काळोखात बुडते. पावसात तर लेन्ससमोरचे थेंबच चमकून छायाचित्रभर ठिपके उमटतात. तेव्हा फ्लॅश बंद करावा, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवावा आणि कॅमेरा कठड्यावर टेकवावा.

फोकसची तक्रार याहून जास्त ऐकू येते. अंधारात किंवा एकसारख्या रंगाच्या पृष्ठभागावर ऑटोफोकसला पकड मिळत नाही आणि लेन्स नुसती पुढेमागे फिरत राहते. अशा वेळी मधला फोकस बिंदू निवडून तो हलत्या ज्योतीवर नव्हे, तर तिच्या उजेडात आलेल्या आरतीच्या पितळी काठावर धरावा, शटरचे बटण अर्धे दाबून फोकस पक्का करावा आणि मग चौकट जुळवून ते पूर्ण दाबावे.

शहरातील जाणत्या छायाचित्रकारांनी घाटावर हौशी मंडळींना एवढे प्रात्यक्षिक दाखवावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक