मानेवाड्याच्या पेंटर काकांना, त्या काळ्या गाडीबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही हात झटकता आणि विषय बदलता, म्हणून हे लिहून काढतोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखी बरीच पोरं आज नागपुरात गाड्या पॉलिश करायची मशीन हातात घेऊन उभी आहेत. त्यांनाही तुमची गोष्ट कळली पाहिजे.

वॉशिंग सेंटर टाकून मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. बेसा भागातल्या एका साहेबांची काळी सेडान आली. मुलीचं लग्न आठ दिवसांवर, तिची पाठवणी याच गाडीतून करायची होती. "रबिंग करून काचेसारखी कर," म्हणाले. मी रोटरी, म्हणजे नुसती गोल फिरणारी पॉलिश मशीन काढली, वुलचा म्हणजे लोकरीचा पॅड लावला, घासून ओरखडे काढणारं जाड कंपाउंड घेतलं आणि अर्ध्या दिवसात अख्खी गाडी मारली. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली ती खरंच काचेसारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब गाडी घेऊन परत आले आणि मला उन्हात घेऊन गेले. पाण्यावर रॉकेल सांडल्यावर जसे पट्टे तरंगतात तसे पट्टे बोनेटभर होते. मी दोन पावलं सरकलो की तेही सरकायचे. मशीन जिथून जिथून गेली, तो सगळा रस्ता उमटला होता. साहेब ओरडले नाहीत. "हे आधी नव्हतं ना रे?" एवढंच म्हणाले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मटेरियल विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, वरून ग्लेझ मार, सगळं झाकलं जाईल, लग्न निघून जाईल. मी बाटली उघडलीसुद्धा होती. तेवढ्यात तुम्ही चार गाळे ओलांडून आलात. कोणी बोलावलं नव्हतं. "काय करून राहिला बे?" म्हणालात, बाटलीचा वास घेतला आणि झाकण लावून ठेवून दिलीत. "तेल आहे हे. रेघांत भरते, दोन धुण्यांत निघून जाते. मग त्या माणसाले काय तोंड दाखवशील?"

काका, तुमच्याकडून मिळालेली पहिली गोष्ट हीच. मशीनच्या आधी तुम्ही मला साहेबांना फोन करायला लावला. चूक माझी आहे, तीन सकाळी द्या, नीट करून देतो, असं बोलायला लावलं. फोनवर माझा आवाज कापत होता आणि तुम्ही शेजारी स्टुलावर बसून होता.

मग रात्री शेडमधले दिवे बंद केलेत आणि टॉर्च पेटवून दारावर धरलीत. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा. टॉर्च हलवली की जाळंही बरोबर हललं. "रेघा गोल नाहीत, उजेड गोल आहे," म्हणालात. मला समजेना, तर तुम्ही घरून जुनं स्टीलचं ताट आणलंत, वर्षानुवर्षं घासलेलं, आणि टॉर्चखाली धरलंत. तसंच जाळं. बारीक ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून ते दिव्याभोवती गोल फिरल्यासारखे वाटतात. हे जाळं माझ्या मशीनचं नव्हतं. रोज सकाळी गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसण्याचं होतं. आपल्याकडे सिमेंट रोडची धूळ, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडून येणाऱ्या गाड्यांवर राखेचा थर, आणि लोक तेच फडक्याने रगडतात. माझे होते ते सरकणारे पट्टे. दोन्ही दुखणी वेगळी आहेत हे कळायलाच मला एक रात्र लागली.

पट्टे का पडले, तेही तुम्ही माझ्याच हाताने दाखवलंत. मी रोटरी किंचित तिरपी धरत होतो. त्यामुळे पॅडची एकच कड जोराने घासत होती. वर लोकरीचा पॅड, जाड कंपाउंड, आणि शेवटचा बारीक हात मारलाच नव्हता. त्यात दुपारचे दोन, मे महिना, पत्र्याची शेड. कंपाउंड लागताक्षणी सुकत होतं आणि मी सुकलेल्या भुकटीवर मशीन चालवत होतो. "बोनेटवर तळहात ठेव. ठेवून राहता येत असंल तरच मशीन लाव," हे तुमचं वाक्य मी शेडमध्ये खडूने लिहून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तुम्ही रंगाची जाडी मोजणारं पेंट मीटर घेऊन हजर. बोनेटवर १०८, ११२, छतावर ११५ मायक्रॉन. मागच्या डाव्या दारावर २६०, म्हणजे तिथे आधी कधीतरी रंगकाम झालेलं. बंपर प्लास्टिकचा, तिथे मीटर काही सांगत नाही. मग तुम्ही समजावलंत की हा आकडा सगळ्या थरांचा मिळून आहे. वरचं क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, त्यातलं ४० च्या आसपास, डोक्याच्या केसाहूनही पातळ. पॉलिश म्हणजे चमक भरणं नव्हे, ओरखड्याच्या तळापर्यंत क्लिअर उतरवणं. उन्हापासून खालचा रंग वाचवतं ते हेच क्लिअर, आणि नागपूरच्या उन्हात ते पातळ झालं की आधी फिकं पडतं, मग पापुद्रे सुटतात. मी चार महिने किती जणांच्या गाड्यांवरून ते उडवलं असेल, या विचाराने त्या पहाटे मला घाम फुटला.

त्यानंतरचं काम, शेवटी डिकीवर फिरवलेला एक हात सोडला तर, तुम्ही स्वतः केलं नाहीत, मला करायला लावलंत. गाडी पुन्हा दोन बादल्यांनी धुतली, एकीत शाम्पू, दुसरीत फक्त मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, खळबळायला. बोअरचं पाणी सुकून डाग पडू नयेत म्हणून लगेच टिपून घेतलं. रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी क्ले फिरवली. कडा, रबर, लोगो यांवर टेप, कारण कडेवर रंग पातळ असतो आणि पहिल्यांदा तिथेच जळतो. मग माझी डीए (ड्युअल ॲक्शन) मशीन, जी हळू चालते म्हणून मी डब्यातच ठेवली होती. तिचा पॅड नुसता गोल फिरत नाही, हेलकावतही जातो, त्यामुळे एकच कण त्याच वाटेने पुन्हा पुन्हा घासत नाही आणि गरमीही कमी.

तुम्ही खिशातून पांढरा मार्कर काढून मशीनच्या बॅकिंग प्लेटवर, म्हणजे पॅड जिला चिकटतो त्या चकतीवर, एक रेघ मारलीत. "ही फिरून राहिली तवर काम चालू. थांबली म्हणजे तू जोर देऊन राहिला, नाहीतर पॅड वाकडा." मला वाटायचं जोर दिला की काम जास्त होतं. बोनेटच्या वळणावर रेघ थांबली, नुसता थरथराट उरला. हात सैल केला आणि रेघ पुन्हा फिरायला लागली. ते मी अजून विसरलेलो नाही.

आधी दोन बाय दोन फुटांचा एकच चौकोन. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश, चार थेंब. आडवे हात, उभे हात, प्रत्येक हात आधीच्या अर्ध्यावर, चालायचं मुंगीच्या गतीने. मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसलं, म्हणजे तेलामागे काही लपून राहिलं नाही ना ते कळतं. टॉर्च धरली. पट्टे गेले होते! मी जाड पॅड लावायला निघालो, तुम्ही मनगट धरलंत. "गेले ना? मग अजून काहून काढतं?" जुनं जाळंही बरंचसं उतरलं होतं. उरलेले दोन-चार ओरखडे नखाला लागत होते, ते तुम्ही तसेच सोडायला सांगितले.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ. एकदा पॅड जमिनीवर पडला, मी झटकून लावायला गेलो, तुम्ही तो उचलून बाजूला फेकलात. तेव्हा राग आला होता. आज माझ्या पोरांच्या हातून पॅड पडला की मीही तेच करतो.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण हल्ली सगळे रोटरीला शिव्या देतात. तिसऱ्या सकाळी तुम्ही त्याच रोटरीवर मऊ फोम पॅड चढवून, सपाट धरून, डिकीवर हात फिरवलात आणि उन्हात एकही पट्टा दिसला नाही. मशीन तीच होती.

साहेबांनी गाडी उन्हात उभी करून चारही बाजूंनी पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाठवणी त्याच गाडीतून झाली. यंदा त्यांच्या जावयाची गाडीही माझ्याकडे येते.

तीन पहाटा तुम्ही झोप मोडून आलात, चहाशिवाय काही घेतलं नाहीत. तुमच्या गाळ्यातही रबिंगचं काम येतं. मला पडू दिलं असतं तर ती गिऱ्हाइकं तुमच्याकडेच आली असती. हे मला उशिरा सुचलं, आणि सुचल्यापासून हे पत्र मनात होतं.

काका, प्लेटवरची ती पांढरी रेघ आता पुसट झालीय. मार्कर माझ्याकडे आहे, पण मी मारलेली नाही. दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधी एकदा गाळ्यावर या आणि तेवढी मारून द्या.

तुमचा,
चार गाळे पलीकडचा वॉशिंग सेंटरवाला पोट्टा