हॅम रेडिओचा परवाना आणि मराठीतून ऑनलाइन शिकवणी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात आपत्ती व्यवस्थापनाच्या तयारीच्या बातम्या येऊ लागतात. बोटी, दोरखंड, लाइफ जॅकेट, निवारा केंद्रे यांचे तपशील त्यांत असतात. मोबाइलचे मनोरे बंद पडले तर गावाने बाहेरच्या जगाला निरोप कसा द्यायचा, याचा उल्लेख मी त्या बातम्यांत गेली काही वर्षे शोधत आहे आणि तो क्वचितच सापडतो. या प्रश्नाचे एक जुने आणि खात्रीचे उत्तर हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, हे आहे. त्याच्या परवान्याचा अभ्यास मी चिपळूणसारख्या तालुक्याच्या गावी बसून, ऑनलाइन शिकवणीतून, निवृत्तीनंतर केला. त्या अनुभवावरून काही सुचवावेसे वाटते, म्हणून हे पत्र.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा आम्ही घराच्या वरच्या मजल्यावर होतो. वीज गेली होती. माझ्या फोनला चार्जिंग होते, पण रेंज नव्हती. पुण्यात माझा धाकटा भाऊ दोन दिवस सतत फोन लावत होता आणि आम्ही सुखरूप आहोत एवढे चार शब्द त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे कोणतेही साधन आमच्या संपूर्ण आळीत कुणाकडे नव्हते. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना माझ्या मनात राहून राहून येत होते की, पुण्याचे हवाई अंतर कितीसे, आणि तरी आपण इतके तुटलेले का असावे?

हॅम रेडिओला मनोरा लागत नाही, एक्स्चेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. एक रेडिओ संच, गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणि योग्य लांबीची तार एवढ्यावर एक माणूस दुसऱ्या माणसाशी थेट बोलू शकतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. इतर संपर्क कोलमडला असताना त्यांनी अंदमानातून निरोपांची ये-जा सुरू ठेवली, हे अनेकांना आठवत असेल. २००१ च्या भूजच्या भूकंपातही हॅम मंडळींनी हेच काम केले. मात्र हे सर्वजण प्रसंग येण्याआधीच परवानाधारक आणि सरावातले होते. प्रक्षेपण करणारा संच परवान्याशिवाय वापरता येत नाही, आणि संकटाच्या दिवशी पुस्तक उघडून हे शास्त्र येतही नाही.

परवान्यासाठी आधी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. तिचे दोन भाग असतात : रेडिओचे तंत्र आणि नियम. परवान्याचे दोन वर्ग आहेत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संदेशलिपी, लागत नाही. जनरल ग्रेडसाठी मिनिटाला आठ शब्द या वेगाने मोर्स घेता आणि पाठवता यावे लागते. अभ्यासक्रम दहावी-बारावीच्या विज्ञानाच्या फारसा पलीकडचा नाही. अडचण वेगळीच आहे. पुस्तके बहुतेक सगळी इंग्रजी, जाणकार माणसे बहुतेक सगळी मोठ्या शहरांत, आणि ओहमचा नियम सोडून चाळीस वर्षे झालेल्या माझ्यासारखीला विचारायला जवळपास कुणी नाही.

माझा पहिला प्रयत्न फसला. शुल्क भरून एका ऑनलाइन वर्गात नाव घातले. तिथे आठवडाभरात काही शे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पाठवण्यात आली आणि तेवढे पाठ करा, पास व्हाल, असे सांगण्यात आले. कदाचित झालेही असते. पण ‘क’ पर्याय बरोबर आहे एवढे ठाऊक असलेल्या माणसाला पुरात तुटलेली अँटेनाची तार पुन्हा किती लांबीची बांधावी हे कळणार नाही, आणि मला तर त्याच क्षणासाठी हा परवाना हवा होता. तो वर्ग मी सोडला.

पुढे भावाच्या ओळखीतून पुण्याचे एक ज्येष्ठ हॅम भेटले. आम्ही पाच जण त्यांच्याकडे आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर शिकत असू. दापोलीचा आयटीआयचा एक विद्यार्थी होता, पाटणचे एक प्राथमिक शिक्षक होते, गडहिंग्लजची बारावीतली एक मुलगी आणि तिचे वडील होते. सर मोबाइल एका स्टँडला उलटा टांगून त्याखाली वहीत लिहीत, त्यामुळे आम्हाला त्यांचा चेहरा कमी आणि हात जास्त दिसे. संकल्पना आधी मराठीत उलगडायची, ती समजल्याचे प्रत्येकाकडून वदवून घ्यायचे आणि मग तिचा इंग्रजी शब्द वहीवर ठळक लिहून दोनदा उच्चारायचा, कारण प्रश्नपत्रिकेत तोच भेटणार, ही त्यांची पद्धत. विद्युतप्रवाहातला बदल कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, का अडवते हे सांगताना त्यांनी जात्याचा दाखला दिला. वरचा दगड फिरवायला सुरुवातीला जोर लागतो, पण एकदा गती घेतली की तो चटकन थांबायलाही तयार नसतो. कॉइलमधल्या प्रवाहाचे तसेच आहे. मी आयुष्यभर वर्गात शिकवले आहे, म्हणून सांगते, असा दाखला विद्यार्थ्याच्या घरातला असला तरच रुजतो.

तरंगलांबीवरून वारंवारता काढण्याचे गणित त्यांनी असेच आपल्या इतिहासातून घातले. १९४२ च्या चले जाव चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जे भूमिगत काँग्रेस रेडिओ केंद्र चालवले, ते आपली तरंगलांबी ४२.३४ मीटर असल्याची घोषणा करीत असे. तीनशेला या आकड्याने भागा आणि उत्तर मेगाहर्ट्झमध्ये सांगा, एवढाच प्रश्न होता. उत्तर येते सुमारे ७.०८५. सरांनी मग भारतात हौशी रेडिओला दिलेल्या पट्ट्यांचा तक्ता उघडायला लावला. ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे ज्याला हॅम मंडळी ‘चाळीस मीटर’ म्हणतात तो पट्टा. त्या स्वातंत्र्यसैनिकांचा आवाज ज्या जागी उमटला, ती जागा या पट्ट्याच्या आतच आहे. गडहिंग्लजची मुलगी क्षणभर काही बोललीच नाही. ते सूत्र आम्ही पाचही जण आता विसरणार नाही.

याच पट्ट्याने माझा सर्वांत जुना प्रश्न सोडवला. हातात धरायचे छोटे व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचे) संच जवळजवळ सरळ रेषेत काम करतात. चिपळूण आणि पुणे यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे, तेव्हा डोंगरमाथ्यावर रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुढे पाठवणारा संच, नसेल तर त्यांचा आवाज घाटाला धडकून संपतो. चाळीस मीटरची लहर मात्र जवळजवळ सरळ वर सोडता येते. दिवसा योग्य परिस्थितीत आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, तिला परत खाली वळवते आणि कारंज्याचे पाणी जसे भोवताली सगळीकडे पडते, तशी ती डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे, काहीशे किलोमीटरच्या टापूत उतरते. यासाठी उंच मनोराही नको. साधी डायपोल, म्हणजे तारेच्या दोन हातांची, अँटेना मुद्दाम कमी उंचीवर बांधली तरी चालते. सूत्र सोपे आहे : १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचे. ७.१ साठी सुमारे वीस मीटर तार येते, मधोमध कापून दहा-दहा मीटरचे दोन हात. आमच्या गच्चीच्या कठड्यापासून मागच्या आंब्यापर्यंत ती मी शेजारच्या मुलाच्या मदतीने बांधली, प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे कापून दोन्ही टोकांना इन्सुलेटर म्हणून लावले, आणि हे सारे चालू असताना सर पुण्याहून फोनच्या पडद्यावर ‘टेप ताणून धरा, सैल आहे’ असे सांगत होते.

ऑनलाइन शिकवणीच्या मर्यादाही मला तितक्याच स्पष्टपणे मांडायच्या आहेत. मोर्सच्या सरावाच्या पहिल्याच दिवशी सरांनी की, म्हणजे मोर्स पाठवण्याचे बटण, दाबली आणि आम्हाला काहीच ऐकू आले नाही. व्हिडिओ कॉलची यंत्रणा एकसुरी आवाजाला पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट समजते आणि गाळून टाकते, हे कळायला आमचा एक पूर्ण तास गेला. गोंगाट गाळण्याची ती सोय बंद केल्यावर आवाज आला. तबल्याचे बोल जसे आधी तोंडाने म्हणायचे असतात, तसे ‘डा-डि-डा-डि, डा-डा-डि-डा’ असे आम्ही म्हणत गेलो. टिंब आणि रेघा मोजायला सरांनी सक्त मनाई केली होती. मिनिटाला आठ शब्द म्हणजे पाच अक्षरांचा शब्द धरून दीड सेकंदाला एक अक्षर, मोजायला वेळच उरत नाही. ऐकण्याचा सराव अशा रीतीने झाला. पण मोर्सची की हातात धरण्याची पद्धत, मनगटाची ढील या गोष्टी शेजारी बसलेल्या गुरूकडूनच येतात.

त्याहून मोठी उणीव हातकामाची. माझ्या अँटेनाच्या केबलचा एक जोड मी सोल्डर केला. सरांना कॅमेऱ्यात तो ठीक दिसला, मलाही दिसला, आणि तरी संचावर नुसती खरखर. तीन संध्याकाळी आम्ही तारेची लांबी, प्लग, बॅटरी तपासत राहिलो. शेवटी बाजारपेठेतल्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याने जोड बोटाने हलवून पाहिला, ‘ड्राय सोल्डर आहे बाई’, म्हणजे टाका कच्चा, असे म्हणाला आणि दोन मिनिटांत पक्का करून दिला. वीस वर्षे त्या टेबलाशी बसलेल्या माणसाच्या बोटांना जे कळते, ते पडद्यातून पोहोचत नाही.

परीक्षेसाठी मला मुंबई गाठावी लागली. रिस्ट्रिक्टेड ग्रेडमध्ये मी उत्तीर्ण झाले आणि यथावकाश परवाना आणि व्हीयू३ ने सुरू होणारे कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची माझी ओळख, मिळाले. पहिल्यांदा माइकचे बटण दाबून ते उच्चारले तेव्हा माझा आवाज कापत होता. उत्तर हैदराबादहून आले. आता सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी ठरल्या वारंवारतेवर जमणाऱ्या हॅम मंडळींच्या हजेरीत, मी बहुधा असते. हा रोजचा परिपाठ मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कुणाचा आवाज कुठून किती स्पष्ट येतो आणि गर्दीत निरोप थोडक्यात कसा द्यायचा, हे रोज बोलूनच अंगवळणी पडते.

आता मागणे. मुंबई, पुणे, नागपूर येथील अनुभवी, मराठी भाषक हॅम बंधू-भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी आठवड्यातले दोन-तीन तास काढून चार-पाच जणांना ऑनलाइन, मराठीतून शिकवावे. पाचशे जणांसमोरचे व्याख्यान मला अभिप्रेत नाही; चारजण असले की कोण गप्प बसले आहे हे शिक्षकाच्या लक्षात येते आणि त्याला बोलते करता येते. विद्यार्थी कोकणच्या, मराठवाड्याच्या, गडचिरोलीच्या तालुक्यांतून निवडावेत, कारण संपर्क तुटतो तो तिथे. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण असलेल्या लातूर-धाराशिवच्या वाचकांना हे अधिक सांगायला नको.

दुसरी विनंती आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या प्राचार्यांना आहे. आपल्या प्रयोगशाळेतली सोल्डरिंगची टेबले, मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप महिन्यातून एका रविवारी अशा विद्यार्थ्यांना खुले करावेत आणि आपल्या निदेशकांपैकी एकाने तिथे उभे राहावे. शिकवणी पडद्यावरून आणि हात टेबलावर, अशी जोड मिळाली तर माझ्यासारख्यांच्या तीन संध्याकाळी वाया जाणार नाहीत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने आपल्या तालुक्यांतील परवानाधारक कोण, त्यांचे संच कोणत्या पट्ट्यांवर चालतात आणि बॅटरीवर किती तास टिकतात याची नोंद पावसाळ्याआधी करून ठेवावी. आजवर मला तरी हे कुणी विचारलेले नाही.

मी स्वतः जनरल ग्रेडसाठी मोर्सचा सराव करीत आहे. चिपळूण परिसरातील कुणाला हा अभ्यास करायचा असल्यास नियमांचा भाग मी विनामूल्य शिकवीन, आणि रविवारी सकाळी आठ ते दहा माझ्या गच्चीवर संच लावून ऐकता येईल. इच्छुकांनी आपल्या कार्यालयाकडे नाव दिल्यास ते माझ्यापर्यंत पोहोचवण्याची कृपा करावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण